आत्याबाईंच्या मागोमाग : आळंदी ते पंढरपूर

आळंदी

२१ जून २०२२. माउलींची पालखी दोन वर्षांनी पायी निघणार होती. २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षं करोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. पहिल्या वर्षी टीव्हीवर ती फुलांनी सजवलेली गाडी दिसली तेव्हा ताठ बसून म्हणाले होते, "बघ, यंदा माउली आमच्या गाडीतनं निघाल्या." पुढच्या आषाढीला तीच बातमी मी आणि आत्याबाई अशा दोघींनीच बघितली. हे एप्रिलमध्ये गेले होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७१. कराड तालुक्यातल्या आमच्या गावच्या दिंडीतून त्यांच्या बावीस वाऱ्या झालेल्या. मी एकही केली नव्हती. पतसंस्थेतली नोकरी, मुलाची शाळा, आणि खरं सांगायचं तर तेवढी ओढही नव्हती. यंदा त्या म्हणाल्या, "गुडघा धरतोय माझा. डोईवर तुळस घ्यायला कुणीतरी पायजे." मी रजा टाकली, मुलाला बहिणीकडे ठेवलं आणि निघाले. निघाले ती त्यांच्यासाठी. देवाशी माझं बोलणं बंद होतं.

का बंद होतं, ते एकदाच सांगते. हे अकरा दिवस कोविड वॉर्डात होते. एकदाही आत जाता आलं नाही. अकराव्या रात्री दोन चाळीसला फोन आला. सकाळी लांबून, दोरीच्या अलीकडून, गुंडाळलेला देह बघितला. तेव्हापासून रोज रात्री अडीचच्या सुमाराला मला जाग यायची, ती पहाटेपर्यंत. माणूस जातो हे मला कळतं. पण हा माणूस घरात कधी एकटा जेवायला बसला नाही. मी कामात असले तर ताट झाकून ठेवून वाट बघायचा. तो एकटा गेला. त्या वेळी देव कुठे होता, एवढाच माझा प्रश्न होता. आणि तो मी आत्याबाईंना कधी विचारला नाही, कारण त्या त्याच्या आई.

इंद्रायणीवर पाय धुतले. देवळाच्या बाहेर उभ्या राहिलो तेव्हा आत्याबाईंनी जुन्या लुगड्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली, तिच्यावर तुळशीचं पितळी वृंदावन. "मान ताठ ठिव, नजर लांब. पायाकडं बघितलंस की पडंल." आत प्रस्थानाची गर्दी. सगळ्यांचे डोळे शिखराकडे. कळस हलला म्हणजे माउलींचा होकार आला असं म्हणतात. मला काही दिसलं नाही, पण एकदम "माउली माउली" असा गजर उठला आणि माझ्या छातीतून काहीतरी सरकून गेलं. पालखीचा पहिला मुक्काम आळंदीतच, आजोळघरी. देव एवढ्या लांब निघतो तोसुद्धा पहिल्या रात्री आजोळीच थांबतो, हे मला फार आवडलं.

पुणे

पुण्यात दोन रात्री एका शाळेच्या वर्गात होतो. गर्दी, चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाया पडणारी माणसं. माझ्याही पाया कुणीतरी पडलं आणि मी दचकून मागे सरले. आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या न्हाय गं पडत ते. डोईवरच्या तुळशीच्या पडत्यात."

दिवे घाट

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. त्यात एकादशी, म्हणजे उपास. हडपसर ओलांडलं तेव्हाच माझ्या उजव्या टाचेला फोड आला होता. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या लावल्या आणि चढण सुरू झाली.

दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, वरून काढलेले, पताकांची नागमोडी ओळ. आतून घाट वेगळा असतो. आत फक्त पुढच्या बाईची पाठ दिसते. माझ्या पुढच्या बाईच्या पोलक्याची शिवण उसवलेली होती आणि ती तीन ठिकाणी काळ्या दोऱ्याने घातली होती. सगळा घाट मी ते तीन टाके बघत चढले. टाळांच्या ठेक्यावर पाय आपोआप पडत होते. पावसाने ओढ दिलेली, ऊन चटका देत होतं.

आणि त्या वर्षीची वारी वेगळी होती, हे घाटात कळलं. प्रत्येक दिंडीत कुणी ना कुणी कमी होतं. आमच्या दिंडीचे जुने विणेकरी दुसऱ्या लाटेत गेले. त्यांची वीणा आता पुतण्याच्या गळ्यात होती. ती त्याला लांब पडत होती, म्हणून पट्ट्याला गाठ मारली होती. मागच्या दिंडीतला एक माणूस हातात दोन टाळजोड घेऊन चालायचा. एक वाजवायचा, दुसरा खांद्याला अडकवलेला. "भावाचा हाय," एवढंच म्हणाला. कुणी कुणाला पुढचं विचारत नव्हतं. लोक फक्त चालत होते. वर्षभर मी घरात बसून समजत होते की हे माझ्या एकटीवरच आलंय. त्या घाटात कळलं की आम्ही हजारो आहोत. त्याने माझं दुःख हलकं झालं असं नाही, पण ते घेऊन उभं राहायला जागा मिळाली.

सासवड

दोन दिवस मुक्काम. सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन झालं. माउलींचे हे धाकटे भाऊ. आईबापांनी देह टाकल्यावर चार भावंडं उघड्यावर पडली, गावाने वाळीत टाकली. त्यांतल्या एकाच्या पालखीमागे आपण चालत आलो आणि दुसऱ्याच्या दारात पाय शेकत बसलोय, हे समाधीसमोर बसून मनात आलं. ही सगळी पोरकी मुलं होती.

फिरत्या दवाखान्यातल्या मुलीने फोड साफ करून पट्टी बांधली. संध्याकाळी शेजारच्या तंबूतली एक बाई येऊन बसली. माझं कळल्यावर म्हणाली, "देवाला चांगली माणसं आवडतात हो, म्हणून लवकर नेतो." मी उठून टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

ह्याबद्दल मला बोलायचंच आहे. असं बोलू नये कुणी. गेल्या वर्षभरात मला हे वाक्य किती जणांनी ऐकवलं असेल. नशीब, पूर्वकर्म, देवाची इच्छा, परीक्षा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण ऐकणाऱ्याला ते ओझं होतं. माझ्या दुःखाचा हिशेब देवाच्या नावावर मांडून कुणी मोकळं झालं तर देव मला आणखी लांबचा वाटायला लागतो. परत आले तेव्हा ती बाई गेली होती आणि आत्याबाई माझे धुतलेले कपडे दोरीवर वाळत घालत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तिचं मनावर घिऊ नगंस. तिला काय बोलावं सुधरंना."

जेजुरी

भंडारा. केस पिवळे, तुळस पिवळी, पट्टी पिवळी. खंडोबाच्या गावाने माउलींना हळदीत न्हाऊ घातलं. ह्यांच्या लग्नातल्या हळदीच्या आठवणीने डोळे भरले. पुढे चालत राहिले.

वाल्हे

वाल्ह्याचा मुक्काम मी विसरणार नाही.

मुक्कामाला पोचल्यावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या तळावर पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप उंच करतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. हजारो टाळ, शेकडो पखवाज, सगळं चिडीचूप. लेकराचं रडणं ऐकू येतं इतकी शांतता. मग दिवसभरात हरवलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. कुणाची पिशवी सापडली, कुणाचा चष्मा, कुणाचे पैसे. सापडलेले पैसे माणसं आणून देतात आणि ते पुकारून परत केले जातात.

त्या दिवशी चोप वर गेला, सगळं शांत झालं, आणि एका बाजूला एक दिंडी टाळ वाजवतच राहिली. आठदहा टाळकरी असतील. खण खण खण. मला वाटलं त्यांना चोप दिसला नसावा. मी आत्याबाईंकडे बघितलं.

"तक्रार हाय त्यांची," त्या म्हणाल्या. "तक्रार असली की टाळ थांबवायचा न्हाय. मग चोपदार तिथं जातो, इचारतो. निवाडा होतो, मग टाळ थांबतो."

"आणि तोवर?"

"तोवर आरती थांबती."

चोपदार गेले. त्या दिंडीला पाण्याचा टँकर मिळाला नव्हता असं काहीतरी होतं. ऐकून घेतलं, व्यवस्था सांगितली, टाळ थांबले, आरती झाली. सगळं मिळून पाच मिनिटांचं. पण मी तिथे उभी राहून नखशिखान्त हलले होते. पंचवीस वर्षं मी पूजाअर्चा करत आले, आणि देवासमोर गप्प बसायचं, मागायचं नाही, कुरकुरायचं नाही असंच शिकत आले. इथे मात्र देवाच्या आरतीच्या मधोमध तक्रारीला जागा ठेवलेली आहे. ज्याला दुखतंय त्याने वाजवत राहायचं, आणि बाकी सगळ्यांनी, अगदी माउलींनीही, थांबायचं.

तंबूकडे परतताना आत्याबाई म्हणाल्या, "म्या बी वाजवलाय टाळ. वरीसभर." मग थोडं चालून, "अजून थांबवला न्हाय."

बावीस वाऱ्या केलेल्या, सकाळ-संध्याकाळ हरिपाठ म्हणणाऱ्या माझ्या सासूचा देवावर राग होता. आणि तरी ती त्याच्याच पालखीमागे चालत होती. माझ्या डोक्यात हे दोन एका जागी कधी बसलेच नव्हते. मी रागावले म्हणून दार लावून घेतलं होतं. त्या रागावून त्याच्याच दारात बसल्या होत्या.

नीरा, लोणंद, तरडगाव

नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान झालं. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि आमचा सातारा जिल्हा लागतो. आत्याबाईंनी पुलाच्या ह्या टोकाला माती उचलून कपाळाला लावली. लोणंदला कपडे, अंघोळी, विश्रांती. पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे धावले, पण माझ्यापुढे एवढी माणसं होती की मला घोड्याच्या तुऱ्याखेरीज काही दिसलं नाही.

एक मात्र झालं. तुळस डोक्यावर असताना हात लावावा लागेना. मान आपोआप तोल धरू लागली.

फलटण ते बरड

फलटणला रात्री कीर्तन होतं. बुवांनी तुकोबांचं सांगितलं. १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. गुरं मेली, व्यापार बसला, पत सगळी गेली. पहिली बायको अन्न अन्न करत गेली. पोटचा मुलगा गेला. तुकोबांनी हे स्वतः अभंगात लिहून ठेवलंय, काही झाकलं नाही. बुवा म्हणाले, आपण तुकोबांचे गोड अभंग म्हणतो तेव्हा हे विसरतो की हा माणूस घरातलं माणूस भुकेने मरताना बघून आलाय.

दुसऱ्या दिवशी बरडच्या वाटेवर ऊन तापलं होतं. झाड नाही, वारा नाही. आमच्या दिंडीने तुकोबांचाच अभंग घेतला,

जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती । चालविसी हातीं धरूनियां ॥

हा अभंग मला लहानपणापासून पाठ आहे. शाळेत म्हटलाय, लग्नकार्यात ऐकलाय. पण आदल्या रात्रीच्या कीर्तनानंतर तो वेगळाच ऐकू आला. बायको आणि मूल गमावलेला माणूस म्हणतोय, तू माझा हात धरलायस. तू मला वाचवलंस, माझं कुटुंब राखलंस, असं तो म्हणत नाही. हात धरलायस, एवढंच म्हणतो. टाळकरी ते चरण परत परत घोळवत होते. हातीं धरूनियां, हातीं धरूनियां. आणि माझे पाय थांबले. मागची बाई आदळली, तुळस कलली, कुणीतरी सावरली. "माउली, चक्कर आली का?" चक्कर नव्हती. एक गोष्ट होती, जी मी चौदा महिने कुणालाच सांगितली नव्हती.

नातेपुते

धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरली. नातेपुत्याला मुक्काम. रात्री नेहमीप्रमाणे अडीचला जाग आली. तंबूत बायका दाटीने निजलेल्या. मी उठून बसले, तर शेजारी आत्याबाईही जाग्या.

"रोज उठतीस तू," त्या म्हणाल्या. "बघत असती मी."

मग मी सांगितलं. त्या रात्री दोन चाळीसला जो फोन आला तो वॉर्डातल्या सिस्टरचा होता. आवाजावरून वयाने लहान असावी. ती म्हणाली, "ताई, तुमचे मिस्टर आत्ता गेले. मी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होते. हात धरून बसले होते त्यांचा. ते एकटे नव्हते ताई." आणि मी काही न बोलता फोन ठेवून दिला. मला खरं वाटलं नाही. एवढे पेशंट, एवढी धावपळ, ती कुठे बसणार हात धरून? सगळ्यांनाच असं सांगत असतील, समजूत काढायला. म्हणून मी ते कुणालाच सांगितलं नाही. आत्याबाईंना तर नाहीच.

अंधारात बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "कुठला हात?"

"म्हणजे?"

"कुठला हात धरलेला तिनं?"

मला माहीत नव्हतं.

"उजवाच असंल," त्या म्हणाल्या. "डावा बारकेपणी मोडला हुता त्याचा, चिंचंवरनं पडून. तो हात कुणी धरलेला खपायचा न्हाय त्याला. झटकायचा." थोड्या वेळाने, "झटकला नसंल मग."

आणि मग एकदम आवाज बदलला. "चौदा म्हयनं माझ्यापासनं लपवून ठिवलंस व्हय गं? माझं पोर एकटं गेलं म्हणून म्या झुरत्या, आन तुला ठावं हुतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माझ्या अविश्वासाची शिक्षा त्यांना दिली होती. त्या कूस बदलून निजल्या. पहाटे उठून स्वतःच तुळस डोक्यावर घेतली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता पुढे चालू लागल्या, गुडघा लंगडत.

सदाशिवनगर

इथे गोल रिंगण. मोठं मैदान, भोवती माणसांचं कडं, मधोमध पालखी. ह्या वेळी मी सगळ्यात पुढे जाऊन बसले होते, कारण मागे आत्याबाईंच्या शेजारी बसायचं धाडस नव्हतं.

रिंगणात दोन घोडे धावतात. एकावर स्वार असतो, हातात पताका. दुसऱ्या घोड्यावर कुणी नसतं. तो माउलींचा अश्व. त्याच्यावर माउली बसलेले असतात, अशी श्रद्धा आहे. लोक त्या रिकाम्या खोगिराकडे हात जोडून बघतात.

स्वाराचा घोडा आधी सुटला. मग माउलींचा. माझ्यापासून दोन हातांवरून गेला. खोगिरावर फुलांची माळ होती आणि ती वाऱ्याने एका बाजूला सरकली होती. टापांची माती माझ्या तोंडावर उडाली. मी ते खोगीर डोळे फाडून बघितलं. रिकामंच होतं. आणि तरी तो घोडा मोकाट सुटलेल्या घोड्यासारखा धावत नव्हता. कड्याला धरून, वळणावर अंग झुकवून, पाठीवर कुणी असल्यासारखा धावत होता.

मी तिथे मातीत बसून रडले. अकरा दिवस त्या खाटेजवळची खुर्ची रिकामी होती असंच मी धरून चालले होते, कारण त्या खुर्चीवर मी नव्हते. माझ्याखेरीज कुणी तिथे असू शकतं हे मला सुचलंच नव्हतं. ती मुलगी तिथे होती. तिने फोनवर आपणहून सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

रिंगण संपल्यावर माणसं टापांखालची माती घ्यायला धावली. मी उठायच्या आत कुणीतरी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि कपाळाला माती लावली. आत्याबाई होत्या. "नाव इचारलंस का तिचं?"

"नाही."

"माउली म्हनायचं मग," म्हणाल्या, आणि वृंदावन परत माझ्या डोक्यावर ठेवलं.

वेळापूर

वेळापूरच्या आधी धावा होतो. टेकडीवरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून तिथून सगळे वारकरी उतारावर धावतात. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याही धावतात. आत्याबाईंनी तुळस स्वतःकडे घेतली. "तू पळ. माझं बी पळ." मी पळाले. टाचेची पट्टी कुठे पडली कळलंही नाही.

वाखरी

भंडीशेगाव मागे पडलं. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. देहूहून तुकोबा, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ, पैठणहून एकनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताई, सासवडहून सोपानकाका. विखुरलेली ती भावंडं दर आषाढीला अशी एका माळावर भेटतात. पंढरपुरातून नामदेवांची पालखी त्यांना न्यायला येते.

संध्याकाळी भाकरी खाताना मी आत्याबाईंना विचारलं, "तुमचा टाळ थांबला का?"

त्यांनी डोकं हलवलं. "न्हाय. त्यानं वाचवायला पायजे हुतं. त्ये म्या त्याला त्वांडावर सांगणार." भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवत म्हणाल्या, "पर तो निजत न्हाय, त्ये मातुर खरं हाय."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. एरवी पंढरपुरात रात्री देवाची शेजारती होते, देवाला निजवतात. आषाढीच्या आधी मात्र देवाचा पलंग काढून ठेवतात. लोक शेकडो मैल चालत येणार, त्यांना दार बंद दिसायला नको, म्हणून दर्शन रात्रंदिवस उघडं. इतके दिवस उभं राहून देवाची पाठ दुखेल म्हणून पाठीशी मऊ लोड लावतात, रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते, देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात, आणि मग पलंग परत.

"त्या दिसांत त्यो कायबी करत न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "जागा ऱ्हातो निस्ता. येईल त्याच्याकडं बघत."

पंढरपूर

१० जुलै, एकादशी. पहाटे चंद्रभागेत बुडी मारली. आईने लेकराला धरावं तसं आत्याबाईंनी माझं मनगट धरलं होतं. पदस्पर्शाची रांग गावाबाहेर कितीतरी लांब गेली होती. गुडघा सुजलेला, रांगेत उभं राहणं शक्य नव्हतं. नामदेव पायरीपाशी माथा टेकला, शेजारीच चोखोबांच्या समाधीला हात लावला आणि कळसाचं दर्शन घेतलं. कितीतरी वारकरी एवढ्यावरच परततात. पायरीशी वाकलेल्या आत्याबाई खूप वेळ उठल्या नाहीत. ओठ हलत होते. त्या त्याला तोंडावर सांगत होत्या. मागून रेटा येत होता, पण एका पोलिसाने हात आडवा धरून माणसं थोपवली. "थांबा, माउलींचं व्हायचंय अजून."

मी काय मागितलं? मागितलं काहीच नाही. त्या मुलीसाठी बोलले. त्या रात्री ती किती जणांपाशी बसली असेल, तिचा हात कुणी धरला असेल का, हे आजवर मला कधी सुचलं नव्हतं.

रात्री वाळवंटात पथारी टाकली. चहूकडे भजनं, फुगड्या, गॅसबत्त्या, चुरमुऱ्यांच्या गाड्या. आत्याबाईंनी पाय लांब केले, मी गुडघ्याला तेल लावलं. देवळाच्या बाजूचा उजेड दिसत होता, रांग रात्रभर सरकत राहणार होती.

"आता जागाच असंल," मी म्हणाले.

"व्हय. तू नीज."

मला जाग आली तेव्हा तोंडावर ऊन होतं. शेजारच्या बायका चुली विझवून सामान बांधत होत्या, काकडा होऊन गेला होता, बारशीचा उपास सोडायला कुणीतरी पिठलं टाकलं होतं. आत्याबाई माझ्या डोक्याशी तुळस मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पदराने माझ्यावरच्या माशा वारत होत्या.

"उठवलं का नाही?"

"निजलीवतीस," त्या म्हणाल्या.